जुन्या थिंकपॅडला एसएसडी आणि मिंट : सात-आठ महिन्यांनंतर

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि माझा २०१५ चा थिंकपॅड टी४५० लॅपटॉप रीतसर निवृत्त ठरला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. माझा पाचव्या पिढीचा. त्यात दिवाळीचे सेल, नो-कॉस्ट ईएमआय, जुना द्या नवा घ्या. एक चकचकीत लॅपटॉप कार्टमध्ये टाकूनही ठेवला होता.

पैसे भरण्याआधी म्हटलं, अडतंय नेमकं कुठे ते तरी बघू. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर निवांत, डिस्क मात्र सतत १०० टक्के. म्हणजे रडगाणं सगळं ५४०० आरपीएमच्या हार्ड डिस्कचं! मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून ५०० जीबीची साटा एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, न फिरणारी वेगवान डिस्क) आणि ८ जीबीची सेकंडहँड डीडीआर३एल रॅम आणली. नव्या लॅपटॉपच्या मानाने खर्च किरकोळ.

उघडणार असाल तर एक सांगतो. या मॉडेलला दोन बॅटऱ्या असतात. बाहेरची काढली तरी आतली चालूच राहते, ती आधी बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये) जाऊन बंद करायची. स्क्रू सोडवल्यावरही खालचं झाकण क्लिपांमध्ये अडून बसतं. जुनं एटीएम कार्ड कडेकडेने फिरवलं की टकटक करत सुटतं.

विंडोजच्या जागी लिनक्स मिंट २२ ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. तिला २०२९ पर्यंत अपडेट्स आहेत. पूर्वी मशीन चालू होईस्तोवर चहा पिऊन व्हायचा, आता खुर्ची पुढे ओढेपर्यंत लॉगिन समोर. इन्स्क्रिप्ट कीबोर्डने मराठी टायपिंग, लिब्रेऑफिस, नेटबँकिंग, सगळं सुरळीत.

कुरबुरी आहेतच. १३६६ बाय ७६८ चा स्क्रीन जरा बाजूने पाहिला की रंग उडतात. व्हिडिओ कॉलवर मी कायम लोडशेडिंगमध्ये बसलेला दिसतो. डिजिटल सहीचं टोकन (पेनड्राइव्हसारखं असतं ते) मिंटवर मला काही चालवता आलं नाही. त्यासाठी बायकोच्या लॅपटॉपची मनधरणी करावी लागते. व्हिडिओ एडिटिंग किंवा ऑटोकॅड करणाऱ्यांनी या फंदात पडू नये, सरळ नवा घ्यावा.

हौस फिटली म्हणाल तर नाही. नव्या मॉडेलचा रिव्ह्यू बघितला की हात शिवशिवतातच. पण तिथे दाखवलेल्या कामांपैकी माझं एकही नसतं (कोण करतंय रोज फोर-के रेंडर!), म्हणून ते चॅनेलच बंद केले.

आता बाहेरची बॅटरी थकलीय. तिच्या जागी ७२ वॉट-अवरची जाडी बॅटरी बसते. तिने लॅपटॉप मागून थोडा उचलला जातो, टायपिंगला उलट बरंच. मात्र बाजारात नकली बॅटऱ्यांचा सुळसुळाट आहे, त्यामुळे खात्रीचं दुकान शोधतोय.