ऑलिम्पीडिया : जुना स्वीडिश फुटबॉलपटू शोधायला उत्तम, पण एवढ्यावर थांबू नका

ऑलिम्पीडिया ही ऑलिम्पिकचे खेळाडू आणि निकाल यांची साइट. ऑलिम्पिक इतिहासकारांच्या एका गटाने जमवलेली ही माहिती 2020 पासून सगळ्यांना खुली आहे. पैसे लागत नाहीत, लॉगिनही नाही. स्वीडनच्या पहिल्या पिढीतल्या खेळाडूंवर काम करायचं असेल तर सुरुवात इथूनच करा.

उदाहरणाला कार्ल गुस्ताफसन घ्या. 1908 आणि 1912, दोन्ही ऑलिम्पिक खेळलेला. नाव थेट सर्च केलंत तर एकाच नावाची भरपूर माणसं समोर येतात. त्यापेक्षा देश स्वीडन, खेळ फुटबॉल, मग वर्ष, अशा क्रमाने जा आणि सामना उघडा. दोन्ही संघांचे अकरा-अकरा खेळाडू दिसतात, नावावर क्लिक केलं की जन्म-मृत्यूच्या तारखा आणि क्लब. ओल्सन आडनावाशी जास्त जपा. ते एच घालून आणि न घालता, दोन्ही प्रकारे लिहितात आणि 1908 च्या संघात हे आडनाव एकाचंच नाही.

आता खरी अडचण. 1908 समोर 'चौथा क्रमांक' दिसतो. तो बघून स्वीडन उपांत्य फेरीत पोचलं असं वाटतं. प्रत्यक्षात 20 ऑक्टोबरला लंडनच्या व्हाइट सिटीत ग्रेट ब्रिटनने त्यांना 12-1 ने धुतलं, तेही पहिल्याच सामन्यात. पुढे डेन्मार्ककडून 17-1 ने हरलेला फ्रान्सचा संघ ब्राँझपदकाच्या लढतीला उभाच राहिला नाही, म्हणून स्वीडनला ती जागा मिळाली आणि नेदरलँड्सने 2-0 ने हरवलं. म्हणजे एकही विजय नसताना चौथा क्रमांक. खेळाडूची कारकीर्द लिहिताना हा आकडा खुलाशाशिवाय वापरू नये.

दुसरी मर्यादा याहून मोठी. स्वीडन 1908 मध्ये एकूण 6 आंतरराष्ट्रीय सामने खेळलं, इथे त्यातले ऑलिम्पिकचे 2 च मिळतात. 12 जुलैला गोथेनबर्गमध्ये नॉर्वेवर मिळवलेला 11-3 विजय, जो स्वीडनचा पहिलावहिला सामना, तो निकालात नाही. बाकीचे पाचही सामने ते हरले. एकूण सामने-गोल हवे असतील तर स्वीडिश फुटबॉल संघटनेची यादी आणि आरएसएसएसएफ ही जुनी आकडेवारीची साइट, दोन्ही शेजारी उघडून ताडून बघा. आकडे जुळले नाहीत तर आधी त्याच वर्षीचा इंग्लंडविरुद्धचा सामना तपासा. तो त्यांच्या हौशी संघाशी होता. स्वीडन तो आपल्या आकड्यांत धरतं, इंग्लंडच्या मुख्य संघाच्या नोंदीत तो येत नाही.

1912 साठी मात्र साइट फार कामाची आहे. 29 जूनला रोसुंदावर जादा वेळेत नेदरलँड्सकडून 4-3 अशी हार, त्यात इवार स्वेन्सनचे दोन गोल आणि एरिक बर्येसॉनची पेनल्टी. सगळं एका पानावर.

सामन्याचं वर्णन हवं असेल तर स्वीडनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा वृत्तपत्रसंग्रह गाठा. 115 वर्षांहून जुने अंक घरबसल्या फुकट वाचता येतात. स्कॅनमध्ये टिंबांची आणि गोलाची स्वीडिश अक्षरं (ä, ö, å) पुष्कळदा चुकीची वाचली गेलेली असतात, त्यामुळे आडनाव साध्या अक्षरांतही टाकून बघा. वर्णानुक्रमाच्या स्वीडिश यादीत तीच अक्षरं झेडनंतर, अगदी शेवटी येतात.

ऑलिम्पीडियाला पाचपैकी चार.