इमारतीची उष्णता-गळती: कागदावर मोजावी की मीटरवरून?

इमारत अजून बांधायची असेल तर कागदच. भिंत, छत, खिडकी, प्रत्येकासाठी यू-मूल्य (दर चौ.मी.तून, दर अंश फरकाला जाणारे वॅट) × क्षेत्रफळ × तापमानफरक. १०० चौ.मी. भिंत, यू ०.५, फरक २० अंश: १००० वॅट. हवेची गळती हमखास विसरली जाते: ०.३३ × तासाचे हवाबदल (आतली सगळी हवा तासात किती वेळा बदलते) × घनफळ × फरक. २५० घनमीटरला तासाला अर्धा बदल धरला तरी ८२५ वॅट!

राहत्या घरात मात्र मीटर अधिक भरवशाचा. हीटिंगच्या युनिटांतून गरम पाण्याचा वाटा वजा करा, उरलेल्याला बॉयलरच्या कार्यक्षमतेने गुणा, अंश-दिवस × २४ ने भागा. अंश-दिवस म्हणजे बाहेरचं तापमान आधार-तापमानाच्या (ज्याखाली हीटिंग लागतं) रोज जितके अंश खाली जातं, त्यांची बेरीज. गुणाकारानंतर ९००० युनिट, २५०० अंश-दिवस: दर अंशाला १५० वॅट. आधार-तापमान जास्त धरलं, की अंश-दिवस फुगतात आणि गळती कमी दिसते. शिवाय उष्णता नेमकी कुठून जाते, हे मीटर सांगत नाही.