ब्राउजरला स्मार्ट कार्ड जोडायचे सगळे रस्ते वापरून बघितले, त्याचा रिव्ह्यू

गेलं जवळपास वर्षभर मी घरातल्या तीन कॉम्प्युटरवर, एक विंडोज, एक मॅक आणि एक लिनक्स, स्मार्ट कार्ड, म्हणजे चिप असलेलं ओळखीचं आणि सहीचं कार्ड, आणि ब्राउजर यांची जोडी जमवतेय. काम तसं साधं आहे, कार्ड रीडरमध्ये सरकवायचं, वेबसाइट उघडायची, लॉगिन करायचं नाहीतर एखाद्या पीडीएफवर डिजिटल सही करायची, पिन टाकायचा, झालं. पण यातली एक पायरी जरी घसरली तरी अख्खी संध्याकाळ जाते, आणि एरर काय येतो तर "कार्ड सापडलं नाही", कार्ड तर समोर रीडरमध्ये बसलंय आणि दिवा पण लागलाय.

हा रिव्ह्यू कुठल्या एका रीडरचा किंवा एका कंपनीचा नाही, कार्ड ब्राउजरपर्यंत पोचवायच्या ज्या चार-पाच पद्धती आहेत त्या सगळ्यांचा आहे. माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे घाईत असाल तर इथेच थांबता येईल: आजच्या घडीला सगळ्यात भरवशाचं म्हणजे ब्राउजरचं एक्स्टेंशन (ब्राउजरमध्ये जोडायचा छोटा प्रोग्राम) आणि त्याच्या जोडीला कॉम्प्युटरवर बसवलेला छोटा हेल्पर प्रोग्राम. आणि कुठलीही पद्धत असो, मी ती एकाच प्रश्नावर तपासते, पिन मागणारी खिडकी कोण दाखवतंय, आणि कुठल्या साइटसाठी पिन मागतोय हे त्या खिडकीत लिहिलंय का.

हा प्रश्न एवढा का महत्त्वाचा ते कळायला कार्डाच्या आत काय चालतं ते थोडं बघायला लागेल. कार्डावरचा तो सोनेरी चौकोन म्हणजे नुसती मेमरी नाही, तो एक बारका कॉम्प्युटरच आहे. प्रायव्हेट की, म्हणजे सही करायची गुप्त किल्ली, त्याच्या आत असते आणि ती बाहेर येतच नाही, तुम्ही स्वतः मागितली तरी नाही. सही करायची म्हणजे अख्खी पीडीएफ कार्डात जात नाही, फाइलचा हॅश, म्हणजे फाइलवरून काढलेला छोटा ठसा, जातो, एसएचए-२५६ ही हॅशची पद्धत असेल तर फक्त ३२ बाइट, कार्ड त्यावर आतल्या आत गणित करतं आणि सही बाहेर देतं. हे सगळं बोलणं एपीडीयू नावाच्या छोट्या छोट्या कमांडमध्ये चालतं, आयएसओ ७८१६ या स्टँडर्डप्रमाणे, आणि प्रत्येक कमांडला कार्ड दोन बाइटचं उत्तर देतं. ९००० आलं की काम झालं. पिन चुकला की ६३सी२ येतं, त्यातला शेवटचा २ म्हणजे अजून दोनच प्रयत्न उरलेत. ६९८३ आलं की पिन ब्लॉक, आता पीयूके, म्हणजे पिन परत उघडायचा कोड, शोधा.

आता बघा, कार्डाला स्क्रीन नाही. आपण कशावर सही करतोय हे कार्डाला कळत नाही, त्याला ३२ बाइट मिळाले आणि पिन बरोबर निघाला की ते सही करून मोकळं होतं. म्हणजे कार्ड कितीही पक्कं असू दे, खरा विश्वास आपण मधल्या सॉफ्टवेअरवर टाकत असतो.

पूर्वी हे मधलं काम जावा अ‍ॅपलेट आणि इंटरनेट एक्सप्लोररमधली अ‍ॅक्टिव्हएक्स कंट्रोल करायची. क्रोमने २०१५ मध्ये ४५ व्या व्हर्जनला जुन्या पद्धतीचे प्लगिन, ज्यांच्यावर जावा चालायचं ते, काढून टाकले, फायरफॉक्सने २०१७ मध्ये ५२ ला तेच केलं, आणि तेव्हा सही करणाऱ्या लोकांची किती पंचाईत झाली ते मला चांगलं आठवतंय, कित्येक जण त्या एका कामासाठी जुना ब्राउजर सांभाळून होते आणि त्याचे अपडेट बंद करून बसले होते. पण खरं सांगते, ते प्लगिन गेले ते चांगलंच झालं. अ‍ॅपलेटला एकदा "अलाऊ" म्हटलं की त्याला तुमच्या अख्ख्या कॉम्प्युटरवर हात फिरवायला मोकळीक, एका सहीसाठी एवढी परवानगी देणं बरोबर नव्हतंच.

मग त्या जागी जे आलं त्यातलं सगळ्यात वाईट आधी सांगते. एका पोर्टलचा हेल्पर मी बाबांच्या लॅपटॉपवर बसवला, नाव घेत नाही. तो कॉम्प्युटर सुरू झाला की सुरू होतो आणि १२७.०.०.१ वर, म्हणजे लोकलहोस्ट या कॉम्प्युटरच्या स्वतःच्याच पत्त्यावर, एक पोर्ट (जोडणीचं दार) उघडून कायम ऐकत बसतो, वेबपेज त्या पोर्टला वेबसॉकेट नावाच्या चालू राहणाऱ्या जोडणीने जोडून घेतं आणि कार्डाशी बोलतं. आता ब्राउजरचा जो सेम-ओरिजिन नियम आहे ना, एका साइटने दुसऱ्याच्या गोष्टी वाचायच्या नाहीत, तो वेबसॉकेटच्या जोडणीला अडवत नाही, कुठली साइट बोलतेय हे ओरिजिन हेडर, म्हणजे विचारणाऱ्या साइटचा पत्ता, बघून हेल्परनेच तपासायचं असतं. या हेल्परने ते तपासलंच नव्हतं. मी एक रिकामं एचटीएमएल पेज करून बघितलं, माझ्या त्या पेजला पण त्याने मुकाट्याने कार्डावरच्या सर्टिफिकेटची (डिजिटल ओळखपत्राची) यादी दिली, आणि सर्टिफिकेटमध्ये माणसाचं पूर्ण नाव असतं! वर एचटीटीपीएस चालावं म्हणून त्याने कॉम्प्युटरच्या विश्वासू यादीत स्वतःचं रूट सर्टिफिकेट, म्हणजे बाकीच्या सर्टिफिकेटवर शिक्का मारणारं मुख्य सर्टिफिकेट, घालून ठेवलं होतं. अशा रूटची प्रायव्हेट की कोणाच्या हातात गेली तर तो कुठल्याही साइटचं खोटं सर्टिफिकेट बनवू शकतो आणि तुमचा ब्राउजर ते खरं मानणार. मी तो हेल्पर त्याच दिवशी काढला आणि ते रूट सर्टिफिकेट हाताने शोधून डिलीट केलं, कारण अनइन्स्टॉल केल्यावर ते जात नाही. तुमच्याकडे असा काही बसवलेला असेल तर सर्टिफिकेटची यादी एकदा उघडून बघाच.

लोकलहोस्ट म्हटलं की वाईटच असंही नाही हां. जर्मनीच्या ओळखपत्राचं आउसवाइसअ‍ॅप पण १२७.०.०.१ वरच २४७२७ पोर्टला ऐकतं, पण तिथे वेबपेज कार्डाशी थेट बोलतच नाही, पेज फक्त एक लिंक उघडतं, पुढचं सगळं अ‍ॅप स्वतःच्या खिडकीत करतं आणि समोर कोण माहिती मागतंय ते आधी दाखवतं. शिवाय एनएफसी असलेला फोन कार्ड रीडर म्हणून वापरता येतो, वायफायवरून, वेगळा रीडर लागत नाही. ओपन सोर्स आहे, कोड उघडा आहे. ही पद्धत मला मनापासून आवडली.

आता एक्स्टेंशन आणि हेल्पर. यात पोर्टबिर्ट काही उघडत नाही. पेज एक्स्टेंशनशी बोलतं, एक्स्टेंशन नेटिव्ह मेसेजिंगने हेल्परशी बोलतं, म्हणजे ब्राउजर स्वतःच तो प्रोग्राम सुरू करतो आणि त्याच्या स्टँडर्ड इनपुट-आउटपुटवरून जेसन या साध्या मजकुराच्या रूपात मेसेज पाठवतो. कुठल्या एक्स्टेंशनला हा हेल्पर सुरू करायची परवानगी आहे ते एका मॅनिफेस्ट फाइलमध्ये लिहिलेलं असतं, बाकीच्यांना दार बंद. काम झालं की हेल्पर बंद करता येतो, मागे काही चालू राहत नाही. हेल्परकडून ब्राउजरकडे येणाऱ्या एका मेसेजला १ एमबीची मर्यादा आहे पण आपल्याला पाठवायचा असतो हॅश आणि सही, तेव्हा तिकडे अडत नाही.

या पद्धतीचा उत्तम नमुना म्हणजे वेब ईआयडी, एस्टोनियात सुरू झालेला ओपन सोर्स प्रोजेक्ट. पिनची खिडकी हेल्परची असते, ब्राउजरच्या बाहेरची, आणि त्यात साइटचा पत्ता ठळक लिहिलेला असतो. पिन पेजच्या जावास्क्रिप्टपर्यंत पोचतच नाही. लॉगिनच्या सहीमध्ये साइटचा ओरिजिन पण गुंफलेला असतो, त्यामुळे नकली साइटने तुमच्याकडून सही काढून घेतली तरी ती खऱ्या साइटवर चालत नाही. तुमचं कार्ड त्यात चालणाऱ्यांपैकी नसेल तर त्याचा थेट उपयोग नाही, पण स्वतःच्या पोर्टलसाठी काही बनवत असाल तर आधी त्याचा कोड वाचा, त्यातून खूप शिकायला मिळतं.

पिनची खिडकी हा माझा मुद्दा बनला तो घरातल्याच एका प्रसंगाने. बाबा सही करत होते आणि बाहेरून हाक आली, "अगं, हे परत पिन मागतंय, देऊ का?" जाऊन बघते तर दोन चौकोन, एक हेल्परचा आणि एक पेजच्या आतच काढलेला, दिसायला जवळजवळ सारखे. पेजमधला त्या पोर्टलचाच होता, फसवणूक नव्हती, पण त्यात टाकलेला पिन ती साइट वाचू शकते, आणि उद्या त्या साइटवर कोणी घुसलं तर तोही वाचू शकतो. तेव्हापासून बाबांना एवढंच सांगून ठेवलंय, "बाबा, खिडकी माउसने पकडून ब्राउजरच्या कडेबाहेर ओढून बघा. बाहेर गेली नाही तर ती पेजमधली आहे, पिन टाकू नका. आणि बाहेर गेली पण वर साइटचा पत्ता असलेली पट्टी दिसली, तर तो पण पॉपअपच, मला हाक मारा." बाबा आता न चुकता ओढून बघतात.

एक्स्टेंशनवाल्या पद्धतीचे त्रास आहेतच, ते पण सांगते. क्रोममध्ये चालतं पण फायरफॉक्समध्ये नाही असं झालं तर बहुतेक वेळा मॅनिफेस्ट एकाच ब्राउजरच्या जागी पडलेलं असतं, दोघांच्या जागा वेगळ्या, विंडोजवर रजिस्ट्रीत आणि मॅक-लिनक्सवर ठरलेल्या फोल्डरमध्ये. लिनक्सवर ब्राउजर स्नॅप किंवा फ्लॅटपॅक या बंद पेटीसारख्या पॅकेजमधून आला असेल तर तो बंदिस्त असतो, बाहेरचा हेल्पर त्याला दिसेलच याची खात्री नाही, मी शेवटी साध्या पॅकेजमधला ब्राउजर घातला तेव्हा सुटले. रीडर सांभाळणारी पीसीएससीडी ही सर्व्हिस चालू आहे का तेही आधी बघा. आणि "कार्ड सापडलं नाही" याचं माझ्याकडचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे दुसऱ्याच कुठल्यातरी प्रोग्रामने रीडर एकट्यासाठी धरून ठेवलेला असतो, माझ्याकडे ईमेल एन्क्रिप्शनचा एक प्रोग्राम होता, तो बंद केला की कार्ड लगेच हजर. ड्रायव्हर परत परत टाकण्याआधी हे बघा. रीडर सीसीआयडी (यूएसबी कार्ड रीडरचं स्टँडर्ड) प्रकारचा असेल तर कंपनीचा वेगळा ड्रायव्हर लागतच नाही शक्यतो, विंडोज आणि मॅकमध्ये तो आधीच असतो, लिनक्सवर साध्या पॅकेजमधून मिळतो, म्हणून रीडर घेताना तेवढा शब्द बघून घ्या.

कोणी म्हणेल एक्स्टेंशन कशाला, फायरफॉक्समध्ये सिक्युरिटी डिव्हाइसेसमध्ये जाऊन पीकेसीएस ११ ची लायब्ररी (ब्राउजरला कार्डाशी बोलू देणारा ठरलेल्या पद्धतीचा भाग) जोडा, ओपनएससी या ओपन सोर्स प्रोजेक्टची जोडली की कार्डावरचं सर्टिफिकेट थेट लॉगिनला वापरता येतं. खरंय, आणि लॉगिनपुरतं ते चांगलं चालतं. पण यातून फक्त टीएलएसचं, म्हणजे एचटीटीपीएसच्या जोडणीतलं, लॉगिन होतं, फाइलवर सही नाही होत. लायब्ररी ३२ बिटची आणि ब्राउजर ६४ बिटचा असेल तर ती लोडच होत नाही आणि कारण धड सांगत पण नाही. वर एकदा निवडलेलं सर्टिफिकेट ब्राउजर लक्षात ठेवतो, चुकीचं निवडलं तर ब्राउजर पूर्ण बंद करून परत उघडा, आणि कार्ड काढलं म्हणजे लॉगआउट झालं असं अजिबात समजू नका.

वेबयूएसबी, म्हणजे पेजला यूएसबी डिव्हाइसशी थेट बोलू देणारी सोय, तिच्याबद्दल मला खूप आशा होती. क्रोममध्ये २०१७ पासून आहे, वाटलं आता हेल्पर नको न एक्स्टेंशन नको, पेज थेट रीडरशी बोलेल. पण स्मार्ट कार्ड रीडरचा यूएसबी क्लास तिथे मुद्दाम बंद ठेवलाय, आणि ते बरोबरच आहे, नाहीतर कुठलंही पेज कार्डाला कच्च्या कमांड पाठवायला लागलं असतं. वेगळा स्मार्ट कार्ड एपीआय (पेजला वापरता येणारी ब्राउजरची सोय) क्रोमच्या लोकांनी केलाय पण तो आयसोलेटेड, म्हणजे पॅकेज करून इन्स्टॉल केलेल्या, वेब अ‍ॅपपुरता, साध्या साइटला मिळत नाही. वेब एनएफसी अँड्रॉइडच्या क्रोममध्ये आहे पण त्यात फक्त एनडेफ या साध्या फॉरमॅटमधले टॅग वाचता-लिहिता येतात, कार्डाशी एपीडीयू बोलता येत नाही, म्हणजे सहीसाठी उपयोग नाही.

बाकीच्या स्मार्ट वस्तूंना मात्र हे एपीआय छान आहेत. हार्ट रेटचा पट्टा वेब ब्लूटूथने जोडला, मायक्रोकंट्रोलरच्या बोर्डवर वेब सीरियलने प्रोग्राम चढवला, कीबोर्डची बटणं वेबएचआयडीने बदलली, काही इन्स्टॉल न करता. डिव्हाइस आपण यादीतून निवडल्याशिवाय साइटला दिसत पण नाही. सफारीत मात्र यातलं काही नाही, अ‍ॅपलने २०२० मध्येच फिंगरप्रिंटिंगची (डिव्हाइसच्या खुणांवरून माणसाचा मागोवा घेण्याची) काळजी सांगून असे बरेच एपीआय नाकारले.

फक्त लॉगिनच हवं असेल आणि सही नको असेल तर कार्डाचा घोळ सोडा आणि वेबऑथन (किल्लीने लॉगिन करायची पद्धत) चालणारी सिक्युरिटी की घ्या, २०१९ पासून ते वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीचं स्टँडर्ड आहे, चारही मोठ्या ब्राउजरमध्ये आहे, साइटचं नाव ब्राउजर स्वतः तपासतो, मी आईच्या ईमेलला तीच लावलीय आणि तिने मला त्यानंतर एकदाही फोन केलेला नाही. पण त्या कीने पीडीएफवर सही होत नाही, त्यासाठी आमच्याकडे कार्डच लागतं.

स्टार द्यायचे तर एक्स्टेंशन आणि हेल्परला पाचातले चार, आउसवाइसअ‍ॅपसारख्या पद्धतीला पण चार, पीकेसीएस ११ ला तीन, आणि ओरिजिन न तपासणाऱ्या लोकलहोस्ट हेल्परला शून्य.

एक राहिलंच. बाबांसाठी मी आता बटणं असलेला रीडर घेतलाय, पिन त्याच्यावरच दाबायचा, तो कॉम्प्युटरमध्ये येतच नाही, कीबोर्डवर कोणी नजर ठेवून असलं तरी त्याच्या हाती काही लागत नाही. सगळे हेल्पर त्याला सपोर्ट करत नाहीत, घ्यायच्या आधी तुमच्या पोर्टलच्या मदतीच्या पानावर पिनपॅड शब्द शोधा. आणि टेस्ट करताना दोनदा पिन चुकला तर तिथेच थांबा, तिसरा प्रयत्न पीयूकेचा कागद समोर ठेवूनच करा.