एनएसडीवर सेकंडरी डीएनएस, दोन महिने वापरून

आमच्या डोमेनला नावाला दोन नेमसर्व्हर (डोमेनच्या नावावरून आयपी पत्ता सांगणारे डीएनएस सर्व्हर) होते पण दोन्हींचा आयपी एकच, म्हणजे मशीन एकच, आणि एका दुपारी ते बसलं तेव्हा वेबसाइट दुसऱ्या सर्व्हरवर धडधाकट चालू असूनही कोणाला उघडेना, मेल पण यायचे थांबले. आरएफसी २१८२ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात १९९७ सालीच सांगून ठेवलंय की सेकंडरी, म्हणजे मुख्य (प्रायमरी) नेमसर्व्हरकडून नोंदींची प्रत घेऊन उत्तरं देणारा दुसरा नेमसर्व्हर, वेगळ्या जागी, वेगळ्या नेटवर्कवर ठेवा. होस्टिंगवाले दोन नावं देतात आणि आपण निर्धास्त राहतो, हे खरंच थांबायला हवं.

प्रायमरीला बाइंड हे डीएनएस सॉफ्टवेअरच ठेवलं, सेकंडरीला एनएसडी हे दुसरं सॉफ्टवेअर घेतलं. ॲमस्टरडॅमच्या एनएलनेट लॅब्सचं आहे, फुकट आणि ओपन सोर्स, के-रूट या डीएनएसच्या मुळाशी असलेल्या रूट सर्व्हरवर २००३ पासून वापरात आहे. ते फक्त आपल्या झोनची (डोमेनच्या डीएनएस नोंदींच्या संचाची) उत्तरं देतं, बाकी इंटरनेटभर शोधत बसत नाही, त्यामुळे ओपन रिझॉल्व्हर (कोणालाही कुठल्याही डोमेनचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर) होऊन कोणी गैरवापर करेल ही भीतीच नाही. ५१२ एमबी रॅमच्या स्वस्तातल्या व्हीपीएसवर (भाड्याच्या व्हर्च्युअल सर्व्हरवर) अकरा झोन आरामात चालतात.

कॉन्फिग छोटी आहे, टीसिग की (दोन सर्व्हरना एकमेकांची खात्री पटवणारी गुप्त किल्ली), झोनचं नाव, कुठून ओढायचं आणि नोटिफाय (झोन बदलल्याची सूचना) कोणाचा घ्यायचा, झालं. वेळ गेला तो दोन गोष्टींत. उबुंटूवर पोर्ट ५३ आधीच सिस्टमडी-रिझॉल्व्हड या उबुंटूच्याच डीएनएस सेवेने धरलेला असतो, म्हणून एनएसडी सुरूच होईना, कॉन्फिगमध्ये सर्व्हरचा पब्लिक आयपी स्पष्ट लिहिला तेव्हा उठलं. मग झोन येईना! प्रायमरीच्या फायरवॉलमध्ये ५३ फक्त यूडीपीला उघडा होता, साधी क्वेरी त्यावर चालते पण अख्खा झोन टीसीपीवरून येतो. टीसीपी उघडला आणि एनएसडीच्या झोनस्टेटस कमांडमध्ये 'स्टेट: ओके' दिसलं, खाली प्रायमरीवरचाच सीरियल (झोनच्या आवृत्तीचा क्रमांक), इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

नंतर एका रविवारी प्रायमरी मुद्दाम चार तास बंद ठेवला, साइट आणि मेल दोन्ही सुरळीत. एसओए या झोनच्या मुख्य नोंदीतला एक्स्पायर १२०९६०० सेकंद, म्हणजे १४ दिवस ठेवलाय, तेवढे दिवस प्रायमरी गेला तरी सेकंडरी उत्तरं देत राहील.

तक्रार एकच, ट्रान्सफर फसला तर लॉगमध्ये ओळ पडते, पण आपण बघितलं तरच कळतं. म्हणून दोन्हीकडचे सीरियल रोज सकाळी जुळवून बघणारी छोटी स्क्रिप्ट लावलीये, फरक दिसला की मेल येतो. साडेचार स्टार.