पहिला ट्रेक कोणासोबत? मित्र, क्लब आणि कंपनी: नागपूरकरांसाठी तुलना

हिवाळा लागला की ऑफिसच्या ग्रुपवर पचमढी, कळसूबाई, हिमालयातलं केदारकांठा ही नावं एका दमात घेतली जातात, जणू तिन्हींत फरक फक्त तिकिटाचा. त्यात आपलं नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर. चढ म्हणजे सेमिनरी हिल्स किंवा फार तर रामटेकच्या पायऱ्या. त्यामुळे कुठे जायचं यापेक्षा कोणासोबत जायचं हे आधी ठरवावं. पर्याय तीन: आपले मित्र, गिर्यारोहण क्लब, नाहीतर पैसे घेऊन नेणारी कंपनी. खर्च, जेवण, तंबू यांची तुलना सगळेच करतात. मी तिघांना एकच विचारतो. वाटेत बिनसलं तर ‘परत फिरा’ कोण म्हणणार, आणि बाकीचे त्याचं ऐकणार का?

मित्रांच्या गटात एकमेकांची दुखणी ठाऊक असतात. कोणाला दमा आहे, कोणाची शुगर उतरते, कोणाचा गुडघा कुरकुरतो, हे फॉर्म भरून घ्यावं लागत नाही. पण नेता कोणीच नसतो. ‘आता आलंच ना बे वर, चाल’ म्हणणारा एक जण पुरतो आणि उजेडात खाली उतरायचं गणित तिथेच मोडतं. शिवाय गट फुटतो. दमदार चौघं पुढे निघून जातात, दमलेला एकटा मागे पडतो आणि फाट्यावर नेमका तोच चुकतो. म्हणून निघतानाच एकाला सगळ्यांत पुढे आणि एकाला सगळ्यांत मागे नेमायचं. मागच्याच्याही मागे कोणी थांबायचं नाही, आणि फाट्यावर सगळे जमल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. चारपेक्षा कमी जण असाल तर बेत रद्द करा. एकाला दुखापत झाली तर एक त्याच्यापाशी बसणार आणि दोघं मदत आणायला जाणार, हा हिशेब तिघांत बसत नाही.

सातपुड्यात आणि मेळघाटात एकत्र चालायला आणखी एक कारण आहे, ते म्हणजे अस्वल. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडतात तेव्हा पहाटे आणि सांजेला ते झाडाखाली येतं, आणि एकटा माणूस अचानक समोर आला तर अंगावर धावून जाऊ शकतं. बोलत चालणाऱ्या गटाची चाहूल त्याला आधीच लागते. तसाही सागाची पानगळ झाली की तिथे सावली उरत नाही. म्हणून आपल्याकडचा हंगाम नोव्हेंबर ते जानेवारी एवढाच धरावा आणि माणशी तीन लिटर पाणी न्यावं. जंगलखात्याची परवानगी काढा आणि गावातला वाटाड्या घ्या. ‘परत फिरा’ म्हणायचा अधिकार निघण्याआधीच, सगळ्यांसमोर, त्याला देऊन टाका.

‘आम्ही नागद्वारी (पचमढीच्या डोंगरातली यात्रा) केली आहे’ म्हणणारे विदर्भात घरोघरी भेटतील. पावसात ते चढ-उतार पार करणं सोपं नाही, हे मान्य. पण नागपंचमीच्या दिवसांत त्या वाटेवर हजारो माणसं असतात, मंडळांचे तंबू असतात, गरम जेवण मिळतं. एरवी त्याच डोंगरात सहा जणांनी जायचं म्हटलं की मदतीला तेच सहा जण.

क्लब हा सगळ्यांत कंटाळवाणा पर्याय, आणि मला तोच सगळ्यांत आवडतो. चांगला क्लब आधी रविवारी पहाटे पाठीवर ओझं देऊन चालवतो, तुमची चाल बघतो आणि झेपणार नसेल तर तोंडावर नाही म्हणतो. नेत्याला तुमच्याकडून नफा कमवायचा नसतो, त्यामुळे गट परत फिरवताना तो कचरत नाही. फक्त त्यांच्या तारखा आपल्या सुट्यांशी क्वचितच जुळतात. पावसाळ्यातल्या सह्याद्रीसाठी मात्र सुट्टीच त्यांच्या तारखेला घ्यावी. निसरडा कातळ, धुकं, तासाभरात फुगणारे ओढे यांची सवय आपल्याला नसते. कळसूबाईची (१६४६ मीटर) वाट मळलेली म्हणून सोपी समजतात, पण ओल्या लोखंडी शिड्यांवर गर्दी झाली की तिथेही पाय थरथरतात. त्यात नागपूरहून रात्रभर जागत प्रवास करायचा आणि सकाळी थेट चढायला लागायचं, हा धोका कोणी मोजतच नाही.

कंपनीबरोबर तारीख पक्की मिळते, सामान मिळतं, आणि सोबत तीस-चाळीस अनोळखी माणसं मिळतात. महाराष्ट्रातला ट्रेक असेल तर राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का, ते विचारा.

हिमालयात मात्र नवख्याने कंपनी किंवा मोठ्या संस्थेशिवाय जाऊ नये. २५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास कोणालाही होऊ शकतो, रोज फुटाळ्यावर धावणाऱ्यालाही. ३००० मीटरनंतर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, असा नियम आहे. कंपनीचं वेळापत्रक या नियमाला लावून बघा. डोकेदुखीबरोबर उलट्या सुरू झाल्या किंवा तोल जाऊ लागला, तर गोळी खाऊन वर जायचं नसतं, लगेच खाली उतरायचं असतं. पण पैसे भरलेले असतात, म्हणून माणसं दुखणं लपवतात आणि सगळा गट अडचणीत येतो. जून २०२४ मध्ये उत्तराखंडात सहस्रतालच्या वाटेवर २२ जणांचा गट हिमवादळात सापडला आणि ९ जण दगावले. सोबत वाटाडे होते.

तेव्हा डिसेंबरात चिखलदरा किंवा पचमढी ठरत असेल तर सहा-आठ मित्र आणि वाटाड्या पुरेत. पावसाळी सह्याद्री असेल तर क्लब. मे महिन्यात हिमालय असेल तर कंपनी, पण पैसे भरण्याआधी तीन उत्तरं लेखी मागा. आमच्या तारखेला नेता कोण आणि त्याचं प्रशिक्षण कुठलं? दुपारी किती वाजता, शिखर दिसत असलं तरी, परत फिरायचं? एकाला खाली उतरवावं लागलं तर त्याच्यासोबत कोण जाणार आणि वर उरलेल्यांना कोण सांभाळणार? यावर ‘सर, टेन्शन घेऊ नका’ एवढंच उत्तर आलं, तर दुसऱ्या कंपनीला फोन लावा.