आयुष्मान कार्ड: भरतीसाठी उत्तम, तापासाठी निरुपयोगी

यवतमाळ-गडचिरोलीकडच्या खेड्यांत आता बऱ्याच घरी आयुष्मान कार्ड आहे. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण योजनेतल्या रुग्णालयात भरती झाल्यावरच. ताप, खोकला, शुगरची दरमहाची गोळी यासाठी गावच्या खासगी डॉक्टरकडे हे कार्ड चालत नाही. बहुतेक खासगी मेडिक्लेमचंही तेच. ओपीडीचा खर्च खिशातूनच. म्हणजे रोजच्या डॉक्टरपर्यंत पोचवण्यात दोन्ही कमी पडतात, आणि हा मोठाच दोष आहे. बीपी वेळेत सापडलं तर पुढची भरती टळते.

या बाबतीत ईएसआयसी, म्हणजे कामगारांची सरकारी विमा योजना, सरस. दवाखान्यातली तपासणी आणि औषधं त्यात येतात. मात्र ती 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या नोंदणीकृत कामगारांसाठी. शेतमजुराला तिचा उपयोग नाही.

त्यामुळे साध्या आजाराला थेट प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. तिथे कार्ड लागत नाही, 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. फवारणीची विषबाधा, साप चावणं अशा वेळी कार्ड शोधत बसू नका, 108 लावा.

कार्ड अडतं ते नावावर. आधारवर 'सुमनबाई' अन् रेशनकार्डावर 'सुमन' असेल तर ई-केवायसी, म्हणजे कार्डासाठीची ओळख पडताळणी, रखडते. ही दुरुस्ती आजारपणाआधीच करून घ्या. भरतीवेळी आधी आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाला, भेटा, मंजुरीची प्रक्रिया तोच सुरू करतो. आजार योजनेत बसतो का, हेही त्यालाच विचारा. पैसे मागितले तर 14555 वर तक्रार करा.