सेल्फच्या नावाखाली 7,300 रुपयांची टोपी

माझी दुचाकी कधी एका बटणात सुरू व्हायची, तर कधी सेल्फ दाबला की नुसतं 'टक्' आणि मीटरचे दिवे गुल. गाडी ठार बंद पडलेली परवडली, पण हा येऊन-जाऊन असणारा बिघाड नको. मिस्त्रीपुढे उभी केली की शहाण्यासारखी सुरू होते आणि आपणच खोटे ठरतो. लुटणाऱ्याला असलंच गिऱ्हाईक हवं असतं.

इंदुरातलं, रामबागेजवळचं गॅरेज. नाव लिहीत नाही, उद्या तोच मला नोटीस पाठवायचा. आधी बॅटरी बदलली, 1,850 रुपये. जुनी त्यानेच ठेवून घेतली, तिचा एक पैसा कमी केला नाही. थोडे दिवस बरे गेले आणि राजवाड्यापाशी भर पावसात पुन्हा टक्. मग रिले, म्हणजे सेल्फला करंट सोडणारा स्विच, 650. मग "साहब, सेल्फ की मोटर बैठ गई" म्हणून 4,200, वर मजुरी 600. जुनी मोटर मागितली तर "वो तो कबाड़ी ले गया." सकाळी काढलेली मोटर दुपारी कबाड्याकडे! काढलेला पार्ट हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नका.

रिले बदलायच्या आधीची गोष्ट आठवली की अजून डोकं फिरतं. त्याने सीट काढली, बॅटरीची काळी वायर दोन बोटांनी जरा हलवली आणि सेल्फ गर्रकन फिरला. माझ्या डोळ्यांदेखत! त्याने लगेच हात काढून घेतला, पाना उचलला आणि म्हणाला, "रिले पकड़ नहीं रहा." मी मान डोलावली. दुसरं काय करणार? ऑफिसला उशीर होत होता, आणि मी कारकुनी करणारा माणूस, वायरिंग थोडंच शिकलोय? शिवाय दर वेळी गाडी खरंच सुरू होत होती. कुणीही फसलं असतं.

ती का सुरू होत होती, ते जुन्या इंदुरातल्या एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनने दाखवलं. सेल्फ दाबून व्होल्ट मोजायचा मीटर लावला. बॅटरीवर 12 च्या वर, पण बॅटरीचं निगेटिव्ह आणि इंजिनची बॉडी यांच्यामध्ये 7 व्होल्ट. तिथे अर्ध्याच्या आत हवं. काळ्या वायरीची थिंबल, म्हणजे टोकाची धातूची कडी, रबराच्या टोपीखाली आतून हिरवी पडून सडली होती. बॅटरी, रिले, मोटर, काहीही बदलताना बॅटरीची वायर काढून परत लावतात. तेवढ्या हलण्याने ती पुन्हा चिकटायची, आणि मला वाटायचं पार्ट कामी आला. नवी थिंबल आणि मजुरी मिळून 80 रुपये. "दिवे विझतात म्हणजे करंटच पोचत नाही, त्यात मोटरचा काय दोष?" काका म्हणाले.

मीटर न लावता बॅटरी बदला म्हणणाऱ्याच्या दारातूनच परत फिरा. बॅटरीवर गाडी बंद असताना 12.6 व्होल्टच्या आसपास, सेल्फ मारताना 10 च्या खाली नको, रेस दिल्यावर 14 च्या आसपास. बघायला दोन मिनिटं लागत नाहीत.

तक्रारीचं तर विचारूच नका. चौकीतला साहेब हसला, "मोटर बदली, गाड़ी चली, ठगी कहाँ हुई?" ग्राहक हेल्पलाइनवाल्यांना पक्कं बिल हवं. पक्कं बिल मागितलं तेव्हा गॅरेजवाला "18 टक्का जीएसटी अलग" म्हणाला होता, म्हणून सोडलं. वाचवायला गेलो तर यात चूक काय? एका खात्याने दुसऱ्याकडे ढकललं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, आणि एक दिवस मोबाइलवर मेसेज, 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' मला एक फोन नाही, विचारपूस नाही! कुणाचं समाधान झालं, त्यांचंच ना? यूपीआयची पावती दाखवली तर त्यावर गॅरेजचं नावच नाही, त्याच्या मेव्हण्याचं. पैसे पाठवताना स्क्रीनवरचं नाव वाचा.

आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज टाकतोय. मुदत दोन वर्षांची आहे आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. सडलेली थिंबल आणि काकांचं 80 रुपयांचं बिल सोबत जोडणार आहे. काकांनी मात्र न मागता पक्कं बिल दिलं.